बेहालाची बस आणि धुतलेला रस्ता

हावड्याला गाडी शिरली तेव्हा होल्डॉल माझ्या पायांशी होता आणि बाकाखाली एक लाकडी खोकं. पुण्याहून निघाल्यापासून त्या खोक्यावरची माझी नजर हटली नव्हती. हमालाने ते हलवून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत काय आहे म्हणून हिंदीत विचारलं. ब्रेक आहे, मी म्हटलं. त्याने ते डोक्यावर चढवलं आणि फलाटभर "ब्रेक, ब्रेक" असं ओरडत गर्दीतून वाट काढली. मी मान खाली घालून त्याच्या मागे. कलकत्त्यातला माझा प्रवेश असा गाजावाजाने झाला.

खरं म्हणजे या कामासाठी मी येणारच नव्हते. आमच्या कारखान्यातले वरिष्ठ इंजिनीयर केळकर यायचे होते. त्यांना ऐन वेळी कावीळ झाली आणि यंत्राची खडान्‌खडा माहिती असलेलं दुसरं माणूस मीच होते. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, पुढे इंजिनीयर झाले. कागदावर मला इंग्रजी चांगलं येतं. अनोळखी माणसासमोर मात्र कुठलीच भाषा वेळेवर सुचत नाही. कारखान्याच्या साहेबांना हे ठाऊक होतं. निघताना ते एवढंच म्हणाले की कलकत्त्याच्या बसवाल्यांनी नाही म्हटलं, तर हे काम आपण बंद करू. त्यात माझी दोन वर्षं गेली होती, आणि काम बंद झालं की मला पुन्हा ड्रॉइंग ऑफिसात आरेखनं गिरवायला बसावं लागणार होतं.

यंत्राचं काम सांगायला सोपं आहे. जड गाडीचा ब्रेक करकचून दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी घसरत जाते. आमचं यंत्र चाकावर लक्ष ठेवतं. चाक जाम होण्याच्या बेतात आलं की ते ब्रेकमधली हवा क्षणभर सोडतं, आणि चाक फिरू लागलं की पुन्हा भरतं. परदेशात विमानांना अशी यंत्रं असतात म्हणे. पण भरलेल्या बसला त्याची मदत होते की उलट अडथळा होतो, यावर आमच्या कारखान्यातच दोन तट होते. ब्रेक सोडून गाडी थांबते कशी, हा प्रश्न मला घरी आजोबांनीही विचारला होता.

हावड्याचा पूल टॅक्सीतून पाहिला. पूल म्हणजे आकाशात उभा केलेला एक अवाढव्य सांगाडा, आणि त्याच्या पोटातून ट्राम, बैलगाड्या, हातरिक्षा, डोक्यावर पाट्या घेतलेली माणसं असं सगळं एकाच वेगाने, म्हणजे अगदी सावकाश, सरकत होतं. पुढे शहरात भुयारी रेल्वेसाठी रस्ते खणून ठेवलेले. टॅक्सीवाल्या सरदारजींनी प्रत्येक खड्ड्याशी सरकारचा उद्धार केला आणि मला बेहालाला मावशीच्या दारात सोडलं.

मावशीचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत. बदली होऊन आले आणि कलकत्त्याच्या प्रेमात पडून इथेच राहिले. त्यांची मुलगी मिठू दहा-अकरा वर्षांची, मराठी बोलते, पण बंगालीच्या चालीवर. "ताई, तू चहा खाणार?" तिने मला विचारलं. इथे चहा, पाणी, सिगारेट सगळं खातातच. मावशीने वरणभात केला होता आणि शेजारच्या बाईंनी खास पाहुणीसाठी इलिश (इकडचा लाडका मासा, काटेच काटे) पाठवला होता. पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. भाताचे गोळे गिळवत मावशी म्हणत होती, "अगं, सावकाश. मासा कुठे पळून जात नाही." तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंग इथे इतकं नित्याचं की कोणी बोलणंही थांबवलं नाही. मिठूने बोलता बोलता कंदील लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेपोत गेले. ट्रामच्या रस्त्यापासून आत, लोखंडी शेडा आणि मोठं मोकळं आवार. तिथले वर्क्स मॅनेजर सान्यालसाहेब, पन्नाशीचे, जाड चष्मा, इंग्रजी अगदी कोरीव. त्यांनी खोकं उघडून यंत्र टेबलावर मांडलं, बराच वेळ न्याहाळलं, आणि मिस्टर केळकर नाही आले का, असं दुसऱ्यांदा विचारलं. मग चाचणीची बस ज्यांच्या हाती असणार होती त्या हरिपद ड्रायव्हरांना बोलावलं.

हरिपद ठेंगणे, गोल, पान खाऊन ओठ लाल. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी मागे वळून फिटर मंडळींना हाक दिली, "ओरे, बर्गी एशे गेछे!" (अरे, बर्गी आली रे.) बर्गी म्हणजे आपल्या नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार. दोनशे वर्षांपूर्वी त्यांनी बंगालात लूट केली, आणि ते कलकत्त्यावर येतील या धास्तीने लोकांनी बागबाजारापासून एक मोठा खंदक खणायला घेतला होता. मराठे काही आले नाहीत. हरिपदांचं म्हणणं असं की ते आत्ता आले आणि एकटी मुलगी पाठवली. सगळे हसले. मीही हसले असावे, पण खाली बघून.

दोन दिवसांत यंत्र बसवून झालं. एक कॉक (हवेची तोटी) असा ठेवला की तो फिरवला की यंत्र बंद, बस नेहमीसारखी. म्हणजे एकाच बसवर दोन्ही प्रकार तपासता येतील. हरिपदांना ही सगळी उठाठेव पसंत नव्हती. ब्रेक पायात असतो, ते मला हिंदीत समजावत, आणि पाय माझा आहे. माझ्या पायाखालून दुसरंच कोणी ब्रेक सोडणार असेल तर मी तिथे बसतो कशाला?

तिसऱ्या दिवशी चाचणी करायची म्हणून मी लवकर गेले, तर डेपोत पंडाल. विश्वकर्मापूजा होती. त्या दिवशी इथे कोणी हत्याराला हात लावत नाही, बस हलवत नाही. बसच्या टपाला झेंडूच्या माळा, स्टिअरिंगला कुंकू, पान्यांची आणि हातोड्यांची नीट रांग मांडून त्यांच्यापुढे उदबत्ती. आमच्या यंत्रालाही कोणीतरी आठवणीने एक फूल वाहिलं होतं. आणि पूजेसाठी आवारातला पावसाचा सगळा चिखल झाकून टाकलेला. दर वर्षी या दिवसासाठी नवा खोआ (फोडलेल्या विटांची खडी, कारण बंगालात दगड मिळत नाही) आणून अख्ख्या आवारावर जाड पसरतात. लालभडक गालिचा घातल्यासारखं दिसत होतं. केळीच्या पानावर खिचडी, लाब्डा (सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी) आणि टोमॅटोची गोड चटणी वाढली. वर आकाशात सगळ्या बेहालाचे पतंग. सान्यालसाहेब धोतर नेसून आले होते आणि पंगतीत हरिपदांच्या शेजारी बसून जेवले.

चाचणी दुसऱ्या दिवशी, त्याच आवारात.

बसमध्ये माणसांच्या जागी वाळूची पोती भरली. चुन्याची एक रेघ मारली. रेघ आली की हरिपदांनी पूर्ण ब्रेक दाबायचा. आधी यंत्र बंद ठेवून. बस आली, चाकं जाम झाली, विटांचा करकर आवाज, लाल धूळ, आणि बस थांबली. मग यंत्र चालू करून. बस आली, ब्रेक दाबला, आणि फुस्, फुस्, फुस् असा हवेचा आवाज करत रेघेपासून कितीतरी पुढे जाऊन थांबली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. यंत्र चालू असताना बस दर वेळी जास्त लांब जात होती.

हरिपद खाली उतरले. गाडीला दम लागलाय, ते फिटरांना म्हणाले, डॉक्टर बोलवा. हशा पिकला. सान्यालसाहेब मात्र हसले नाहीत. ते माझ्याजवळ येऊन हळू आवाजात, अगदी सौजन्याने म्हणाले की निकाल स्पष्ट दिसतो, ते आजच तसं पुण्याला कळवतील, आणि यात माझ्या मेहनतीचा काही दोष नाही. मग सगळे चहाला गेले.

मी तिथेच उभी राहिले. रडू येत होतं, ते कोणी बघू नये म्हणून जमिनीकडे बघत होते. आणि जमिनीवर मला ते दिसलं.

यंत्र बंद असतानाच्या खुणा म्हणजे दोन खोल चर होते. प्रत्येक चराच्या टोकाला, जिथे चाक थांबलं होतं तिथे, विटांच्या तुकड्यांचा ढीग. जाम झालेलं चाक नांगरासारखं खोआत घुसलं होतं आणि आपल्याच पुढे बांध घालून त्याला अडून थांबलं होतं. यंत्र चालू असतानाच्या खुणा नुसत्या दाबलेल्या पट्ट्या. चाक फिरत राहिलं, म्हणून ढीग झालाच नाही, म्हणून अडायला काही नव्हतं. बस ब्रेकने थांबली नव्हती. विटांनी थांबवली होती.

तेवढ्यात दोन फिटर फावडी घेऊन आले आणि आवार सारखं करू लागले. पूजेचा नवा खोआ विस्कटलेला कोणाला बरं वाटेल? मी धावत जाऊन त्या चरात उभी राहिले. साडीच्या काठाला लाल धूळ, आजूबाजूला फावडी धरलेली दोन चकित माणसं. बंगाली मला येत नव्हतं, हिंदी आठवेना.

"हाथ मत लगाना," मी म्हटलं. "सान्यालसाहेबांना बोलवा. सगळ्यांना बोलवा."

अर्धं मराठीतच बोलले होते. पण ते गेले आणि सगळे आले, चहाचे कप हातात घेऊनच. मी नुसतं बोट दाखवलं, आधी ढिगाकडे, मग त्या सपाट पट्ट्यांकडे. सान्यालसाहेब उकिडवे बसले. त्यांनी ढिगातला एक तुकडा उचलला, चष्मा वर केला, आणि मग स्वतःशीच बंगालीत काहीतरी पुटपुटले. त्यांच्या लक्षात आलं होतं.

हरिपदांनी लगेच तोंड घातलं. मग काय झालं, ते म्हणाले, बेहालाचे रस्ते पावसाळ्यात असेच असतात, खड्ड्यात खोआ भरलेले. तिथे माझाच पाय बरा.

"तिथे तुमचाच पाय बरा, काका," मी म्हटलं. "ते मी मान्य करते. पण माणसं चिरडतात ती धुतलेल्या, गुळगुळीत रस्त्यावर. एकदा तिथे बघू. तिथेही यंत्र हरलं तर मीच खोकं बांधून घेऊन जाईन."

इतकं लांब वाक्य मी डेपोत आल्यापासून पहिल्यांदाच बोलले होते. हरिपदांनी पानाची पिंक टाकली आणि बघू म्हणाले. सान्यालसाहेबांनी पुण्याला कळवायचं रविवारपर्यंत लांबवलं.

शनिवारी मावशीच्या यजमानांनी, माझ्या काकांनी, माझं मन रमवायला म्हणून बागबाजाराकडे नेलं. खंदकाच्या जागी आता रस्ता आहे, दुकानं आहेत, आमच्या पूर्वजांच्या धाकाची एकही खूण नाही. गरम रसगुल्ले खाल्ले. पण माझं लक्ष होतं रस्त्यावर. कलकत्त्यात रस्ते रोज सकाळी गंगेच्या पाण्याने धुतात. नगरपालिकेची माणसं नळाला जाड कापडी पाइप जोडून फवारा मारतात, आणि ते गढूळ पाणी ओसरलं की रस्त्यावर गाळाचा एक पातळ, तेलासारखा थर उरतो. त्यावरून चालताना माझी चप्पल दोनदा सटकली. दुसऱ्यांदा मी पडले आणि काकांना वाटलं मला लागलं, कारण मी उठायच्या ऐवजी तिथेच बसून तो गाळ बोटांवर घासून बघत होते.

रविवारी पहाटे खिदिरपूरकडच्या गुदामांचा रस्ता सान्यालसाहेबांनी मागून घेतला होता. सुट्टीमुळे तिथे चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंना उंच बंद गुदामं, मध्ये घासून गुळगुळीत झालेल्या दगडी लाद्या, नुकत्याच धुतलेल्या.

यंत्र बंद करून हरिपदांनी ब्रेक दाबला. करकर आवाज नाही, काहीच नाही. चाकं जाम, आणि भरलेली बस लोण्यावरून सरकावी तशी सरकतेय. मागची बाजू हळूहळू बाहेर आली, बस आडवी होत गेली आणि फुटपाथच्या कडेला टेकून थांबली. हरिपद उतरले तेव्हा त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. मग कॉक फिरवला. बस आली, फुस्, फुस्, फुस्, आणि सरळ रेषेत, आधीच्या खूप अलीकडे थांबली. सान्यालसाहेब अंतर मोजायला स्वतः फीत घेऊन चालत गेले आणि परत येताना जवळजवळ पळत आले.

मला मात्र तेवढ्याने भागणार नव्हतं. मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडून टोपलीभर वापरलेले भाँड (चहाचे मातीचे कप) मागून आणले होते. इथे चहा पिऊन ते फेकूनच देतात. रेघेच्या पुढे, रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागात, मी ते गर्दीसारखे उभे केले. हे लोक आहेत, मी हरिपदांना सांगितलं. रेघेवर ब्रेक दाबायचा आणि बस उजवीकडून काढायची.

यंत्र बंद असताना त्यांनी पूर्ण ताकदीने स्टिअरिंग वळवलं. पुढची चाकं वळलेली मला बाहेरून दिसली. बस वळली नाही. ती सरळ गेली आणि त्या सगळ्या मातीच्या माणसांवरून खळ्ळकन फिरली. कोणी हसलं नाही.

नवे भाँड मांडले, यंत्र चालू केलं. यावेळी बस थोडी वळली, पण अर्धे कप गेले. ते बघताना ध्यानात आलं की फुस्‌फुस् आवाज मध्येच थांबला होता. ब्रेक सुटतोय असं वाटून हरिपदांनी सवयीने पाय उचलला होता आणि पुन्हा दाबला होता. तीस वर्षं ओल्या रस्त्यावर ते असंच करत आले होते. यंत्राने करायचं काम त्यांचा पाय करायला धावला होता, आणि दोघांची टक्कर झाली होती.

हे त्यांना उभ्या उभ्या समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. मी बसमध्ये चढले. सान्यालसाहेब नको नको म्हणत असताना चढले आणि हरिपदांच्या मागे वाळूच्या पोत्यावर बसले.

"मा, उतर," ते म्हणाले. इकडे वयस्क माणसं मुलीला मा म्हणतात. "बस फिरली तर तुला लागेल."

"नाही फिरणार. एकदा दाबलात की पाय उचलायचा नाही, काका. यंत्र काहीही आवाज करो. चाकं त्याच्याकडे, वाट तुमच्याकडे."

त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी पोत्याची दोरी घट्ट धरली होती, ती त्यांना दिसली असणार. मग त्यांनी बस मागे घेतली, नेहमीपेक्षा जास्तच मागे, आणि सोडली. गुदामं दोन्ही बाजूंनी धावू लागली. रेघ आली. त्यांचा पाय खाली गेला, माझं कपाळ त्यांच्या पाठीवर आपटलं, पायाखाली फुस्, फुस्, फुस् सुरू झालं, आणि त्यांच्या पोटरीचा स्नायू उचलायला टरारलेला मला दिसला. पाय उचलला गेला नाही. हात वळले. बस वळली. एवढी जड, भरलेली, पूर्ण ब्रेक लागलेली बस त्यांच्या हाताखाली आज्ञाधारकपणे उजवीकडे झाली आणि थांबली.

डावीकडच्या खिडकीतून मी पाहिलं. सगळे भाँड उभे होते. आमच्या चाकाला खेटून असलेला एक हलत होता, तोही स्थिर झाला.

बाहेर फिटर नाचत होते. सान्यालसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना समजत नसावं. हरिपद मात्र जागचे हलले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. मग मागे न वळता म्हणाले, "मा, आर एक बार." (पुन्हा एकदा.)

आम्ही पुन्हा केलं. मग पुन्हा. त्यानंतर त्यांनी भाँड आणखी पुढे, आणखी दाटीने मांडायला लावले, आणि दर वेळी बस थांबली की खिडकीतून फिटरांना ओरडून विचारत, "मोरलो केउ?" (मेलं का कोणी?) आणि सगळे मिळून ओरडत, "केउ ना!" (कोणी नाही!) शेवटी सान्यालसाहेबांनी त्यांना उठवलं आणि कोट काढून स्वतः स्टिअरिंगवर बसले. त्यांनी दोन कप फोडले. हरिपदांनी त्या दोघांच्या नावाने दोन मिनिटं शांतता पाळायला लावली.

त्याच दुपारी सान्यालसाहेबांनी पुण्याला ट्रंककॉल लावला. डेपोच्या बसना एकेक करून यंत्र बसवून बघायचं, असं ते साहेबांना सांगत होते. खडीवर ते अंतर वाढवतं, हेही त्यांनी सांगितलं, कारण ते सांगा म्हणून मीच आग्रह धरला होता. फोन ठेवून ते म्हणाले की एक अडचण उरते. ड्रायव्हरांनी पाय उचलायचा नाही हे त्यांना शिकवणार कोण?

परतीच्या गाडीत बंगालची हिरवी शेतं आणि पांढऱ्या तुऱ्यांचं काशगवत मागे पडत गेलं तेव्हा मी तोच विचार करत होते. चाक जाम होऊ न देण्याचं तंत्र आम्ही दोन वर्षांत जमवलं. पायाचं मन वळवायला आपल्याला स्वतः त्या पोत्यावर जाऊन बसावं लागतं. ड्रॉइंग ऑफिसच्या काचेमागून ते झालं नसतं, आणि केळकरांना कावीळ झाली नसती तर मला हे कधी कळलंही नसतं.

पुण्यात साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. केळकर बरे होऊन आले होते, अजून जरा पिवळट. साहेबांनी निकाल वाचून दाखवला, टाळ्या झाल्या, मग कलकत्त्याच्या दौऱ्याचा कागद केळकरांपुढे करून म्हणाले, की आता तब्येत ठीक असेल तर हिवाळ्यात कलकत्त्याला ड्रायव्हर शिकवायला तुम्ही...

"मी जाते," मी म्हटलं. "तिथले पहिले ड्रायव्हर माझ्यासोबत शिकलेत."

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली पाहिलं नाही. साहेबांनी केळकरांपुढे केलेला कागद तसाच टेबलावरून माझ्याकडे सरकवला.